सात नंबरच्या बोअरचं पाणी

नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून एका बाटलीत चार थेंब चुकीचे पडले. ते मला तीन आठवड्यांनी कळलं आणि त्यानंतर मी ते कोणालाही सांगितलं नाही. ऑफिसात नाही, घरी संध्याला नाही, दर रविवारी भंडाऱ्याला आईशी फोनवर तासभर बोलतो तिथेही नाही. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'तुम्ही नेहमी त्या तळ्यांकडे जाता, एखादं छान प्रवासवर्णन द्या की' असा निरोप आला, तेव्हा मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की ते चार थेंब वगळून या प्रवासाचं काही सांगताच येत नाही. तेव्हा फोटोंबरोबर हेही छापा. इकडे इंग्लंडात आल्यापासून लीड्समधली बरीच मंडळी मला 'फार बोलत नाही, पण सज्जन माणूस' म्हणून ओळखतात. त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे.

आधी माझं काम सांगतो. तळ्यात पाणी ओढ्यांतून येतं ते सगळ्यांना दिसतं. पण बरंचसं पाणी काठच्या जमिनीखालून, कोणाला पत्ता न लागू देता, तळ्यात झिरपत असतं. त्या पाण्यात काय काय विरघळलेलं आहे हे बघायला तळ्याच्या कडेकडेने बोअर मारून ठेवलेल्या असतात. आपल्याकडच्या शेतातल्यासारख्या नाहीत, मनगटाएवढ्या जाडीच्या, वर लोखंडी झाकण. दर तीन महिन्यांनी जायचं, झाकण उघडायचं, पाणी काढायचं, बाटल्यांत भरून लॅबला पाठवायचं. या तळ्याभोवती अशा सात बोअर आहेत. तळ्याचं नाव मी इथे ब्रॅकनवॉटर असं लिहितो. खरं नाव वेगळं आहे, तिथल्या माणसांचीही नावं बदलली आहेत.

यंदाच्या सप्टेंबरमधली फेरी शेवटची होती. प्रकल्प संपला. संध्या म्हणाली, "इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. बंद व्हायच्या आधी एकदा दाखवा तरी." ती हॉस्पिटलमध्ये पेशंटचं रक्त काढण्याचं काम करते. तिने चार दिवसांची रजा टाकली, शंकरपाळ्यांचा डबा भरला, आणि आम्ही निघालो.

बुधवार, पोचलो तो दिवस

वाटेचं काही सांगत नाही. ट्रॅफिक थांबला होता, संध्या थांबत नव्हती.

शेवटची खिंड ओलांडली की ब्रॅकनवॉटर एकदम खाली दिसतं. लांबट, करड्या रंगाचं, तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि डोंगरावर मेंढ्या अशा विखुरलेल्या की कोणीतरी वरून मुरमुरे उधळलेत. मी भंडाऱ्याचा. आमचा जिल्हाही तलावांचाच म्हणवतो, पण आमचे तलाव माणसांनी बांधलेले आहेत. पाळीवर आंब्याची झाडं, पाण्यात म्हशी, शिंगाड्याचे वेल, घाटावर धुणं, आणि कोणाचं तरी कोणाशी तरी पाणी सोडण्यावरून भांडण. इथलं तळं बर्फाने कोरलेलं. कोणी धूत नाही, कोणी भांडत नाही. काठाला फक्त बाकं, आणि प्रत्येक बाकावर पितळेची पट्टी, तिच्यावर वारलेल्या माणसाचं नाव. 'हिला हे तळं फार आवडायचं.' 'याच्या आठवणीत, इथे बसायचा.'

संध्याने तीन पट्ट्या वाचल्या आणि म्हणाली, "इथे धड बसायला बाक मिळायचं तर आधी मरावं लागतं वाटतं."

आमचा मुक्काम ब्रेंडाच्या घरी होता. वर दोन खोल्या भाड्याने, खाली ती आणि तिचं मांजर. ब्रेंडा साठीची, उंच, गावातल्या प्रत्येक समितीवर. जेवायला तिने तिथलं खास सॉसेज केलं होतं, जिलेबीसारखं वेटोळं घातलेलं, हातभर लांब. संध्या खाताना म्हणाली, यात मिरं आहे, बरं आहे. ब्रेंडाने ते कौतुक म्हणून घेतलं आणि लगेच विचारलं, "शनिवारी गावचं प्रदर्शन आहे. तुम्ही काही ठेवणार का?"

प्रदर्शन म्हणजे काय ते तिने समजावलं. गावच्या हॉलमध्ये टेबलं मांडायची, त्यावर कोणाचे कांदे, कोणाची मोठी कोबी, कोणाचा केक, सहा अंडी एकाच रंगाची. परीक्षक येऊन बघतात, चाखतात, चिठ्ठी ठेवतात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं.

"शंकरपाळे," संध्या माझ्याकडे बघून म्हणाली. मी मान हलवली. मला वाटलं ती गंमत करतेय.

जागा दाखवायला म्हणून ब्रेंडा आम्हाला लगेच हॉलवर घेऊन गेली. चहाच्या भल्या मोठ्या भांड्याच्या मागच्या भिंतीवर, प्लास्टिकमध्ये चिकटबंद करून, एक आलेख लावलेला होता. एक रेघ, मध्ये उंच सुळका, मग सरळ खाली. वर ठळक अक्षरांत: 'एका शेतकऱ्याने ठरवलं आणि तळं सुधारलं.' आलेख मी काढलेला होता. खाली बारीक अक्षरांत माझं नावही होतं.

"हा आमचा हॅरल्ड," ब्रेंडा म्हणाली. "त्याच्या शेणखताच्या ढिगातून घाण झिरपायची. तळं शेवाळाने हिरवं व्हायचं, ते पाणी पिऊन कुत्री आजारी पडायची. तुमच्या मिस्टरांनी शोधून काढलं. हॅरल्डने एका शब्दाने वाद घातला नाही. ढीग उचलला, लीक लावायचे सोडले. आणि त्याचे लीक म्हणजे, बाई, माझ्या दंडाएवढे. दरवर्षी पहिला. तेव्हापासून प्रदर्शनात पाऊल नाही टाकलं त्याने. लाज वाटते म्हणतो."

लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ. इकडे त्याच्यावर माणसं मुलांसारखा जीव लावतात.

"अहो, उभे राहा ना त्याच्या शेजारी," संध्या फोन काढत म्हणाली. "हसा जरा. इतकं चांगलं काम केलंत, कधी घरी सांगितलंत का?"

मी उभा राहिलो. तो फोटो अंकासोबत पाठवत नाही.

गुरुवार, बोअर एक ते सहा

सकाळी पहिली फजिती. सॅम्पल ठेवायच्या बर्फाच्या पेटीत मला कोथिंबिरीची चटणी आणि दह्याचा डबा सापडला. मी म्हटलं, या पेटीत खाण्याचं काही ठेवता येत नाही, नियम आहे. संध्या म्हणाली, "आमच्या लॅबच्या फ्रिजवरही तसंच लिहिलंय. तिथेही सगळे ठेवतात." चटणी गाडीच्या मागच्या सीटवर गेली आणि दुपारपर्यंत तिथेच सांडली.

दिवस छान होता, म्हणजे पाऊस आडवा नव्हता. इथे शेतातल्या पायवाटेने जायला कोणालाही परवानगी लागत नाही, ती सगळ्यांची. फक्त फाटक जसं होतं तसं ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. एक मेंढा आमच्यासोबत चार शेतं चालला. संध्याने त्याचं नाव ठेवलं 'भाऊजी', कारण तो सारखा मागे राहून खात होता.

चार नंबरच्या बोअरशी दलदल आहे. मी सांगत होतो की माझ्या पावलावर पाऊल ठेव. तिने नाही ठेवलं. उजवा गमबूट गुडघ्यापर्यंत रुतला, पाय बाहेर आला, बूट आत राहिला. दोघांनी मिळून ओढला तेव्हा असा काही आवाज झाला की भाऊजी पळून गेला. ती पालथ्या बादलीवर बसून मोजा पिळत होती आणि मी पंप लावून पाणी उपसत होतो. आधी बराच वेळ उपसून टाकावं लागतं, पाइपात साचलेलं जुनं पाणी जाऊन जमिनीतलं ताजं येईपर्यंत. मग गाळून बाटल्या भरायच्या. ती बघत होती.

"ही लाल टोपी कशाची?"

"यात धातू बघतात. लोखंड, मँगनीज. म्हणून यात चार थेंब ॲसिड टाकायचं. नाहीतर लोखंड बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं."

"आणि हिरवी?"

"नायट्रेट. खताचं वगैरे. त्यात काही टाकायचं नाही."

"ॲसिड कुठलं आहे?"

"नायट्रिक."

ती मोजा पिळायची थांबली. "म्हणजे हे चुकून हिरव्यात पडलं तर बाटलीच नायट्रेटची झाली की."

"हो."

"आमच्याकडे तसंच असतं. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये औषध असतं, रक्त गोठू नये म्हणून. त्यातलं रक्त कोणी पिवळीत ओतलं की पोटॅशियम भलतंच वर दिसतं. पेशंट बिछान्यावर सँडविच खात बसलेला असतो आणि कागदावर तो मेलेला असतो." ती हसली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुमच्याकडे कधी झालं का असं?"

नाही म्हणणं सोपं होतं. नऊ वर्षं कोणी न विचारताच मी नाही म्हणत आलो होतो.

"झालं होतं," मी म्हटलं. "सात नंबरला. हॅरल्डच्या बोअरला."

पंप चालू होता. तो बंद करून मी सांगितलं. मी नोकरीत नवा होतो, पाऊस होता, शेवटची बोअर होती, बोटं बधिर झाली होती. आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी वर. तळं त्या उन्हाळ्यात हिरवं झालेलंच होतं, सगळे कारण शोधत होते, आणि बोअरपासून हाकेच्या अंतरावर हॅरल्डचा शेणखताचा ढीग. अहवाल गेला. तीन आठवड्यांनी लॅबची चिठ्ठी आली: सॅम्पल सात, लाल टोपी, ॲसिड आढळलं नाही. लाल बाटलीत जे नव्हतं ते कुठे गेलं, हे मला वाचता वाचता कळलं. चिठ्ठी मी बोअरच्या नोंदींच्या डायरीत घालून ठेवली, नऊ वर्षं ती तिथेच होती. पुढच्या फेरीपर्यंत हॅरल्डने ढीग हलवला होता. साहजिकच आकडा खाली आला, तो कधी वर नव्हताच. सगळ्यांनी म्हटलं, बघा, ढीग हलवला आणि पाणी सुधारलं. नंतरचे दोन उन्हाळे थंड गेले, तळं फारसं हिरवं झालं नाही, मग तर विषयच संपला. ऑफिसने तो आलेख चार ठिकाणी दाखवला. मला बढती मिळाली.

संध्याने मोजा पुन्हा पिळला. मग म्हणाली, "तो फोटो मी काल आईंना पाठवला."

"मला माहीत आहे."

"त्यांनी सगळ्या ग्रुपवर टाकला. रामटेकच्या मामांनी हात जोडलेले पाठवलेत."

"माहीत आहे."

"तेव्हा का नाही बोललात?"

मी व्हिसाचं सांगितलं. रिन्युअल तोंडावर होतं, ऑफिसच्या पत्राशिवाय झालं नसतं. हे खरं आहे. पण महिनाभरात व्हिसा आला आणि त्यानंतरही मी बोललो नाही, हेही मी तिला सांगितलं. खरं कारण असं की तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि मला त्या आवडत होत्या. माझ्यासाठी तोवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"आमच्याकडे काय करतात माहितेय?" संध्या म्हणाली. "फोन करतात. वॉर्डला फोन लावायचा, 'सिस्टर, ट्यूब चुकली, परत काढायला येते.' मी मागच्याच महिन्यात केला. सिस्टर दोन मिनिटं ओरडली. मग तिनेच बिस्कीट दिलं."

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

"तुम्ही नऊ वर्षं घेतलीत." तिने ओला मोजा तसाच चढवला. "उठा. पाच आणि सहा राहिल्यात. उद्या त्यांच्याकडे जायचंय ना?"

दिवसभरात ती मला एवढंच बोलली. संध्याकाळी तिने हॉलवर जाऊन शंकरपाळ्यांचं नाव मात्र दिलं. 'इतर कोणतंही बिस्कीट, सहा नग' या गटात.

शुक्रवार, हॅरल्डकडे

हॅरल्ड ऐंशीच्या घरातला. पाठीत वाकलेला, हात फावड्यासारखे. त्याचं इंग्रजी टीव्हीवरचं नाही. ते ऐकताना मला आमच्या साकोलीकडचे म्हातारे आठवतात, म्हणून इथे तसंच लिहितो.

नऊ वर्षं, दर तीन महिन्यांनी, मी त्याच्या कुरणात बोअर उघडली की तो चहाचा मग घेऊन कुरण उतरून यायचा. त्याची बायको डोरोथी आल्याचा केक द्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळून. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून दुकानातली बिस्किटं. तो चहा मी दरवेळी प्यायलो.

सात नंबरच्या बोअरपासून दहा पावलांवर एक नवं बाक होतं. संध्याने पट्टी वाचली. 'डोरोथी. हिला नेहमी आधी कळायचं.'

मी बाटल्या भरल्या. संध्या शेजारी उभी राहून मोठ्याने म्हणत होती, "लाल टोपी, ॲसिड. हिरवी टोपी, काही नाही." तेवढ्यात हॅरल्ड दोन मग घेऊन आला, तिला बघून तिसरा आणायला परत निघाला. मी म्हटलं, घरातच येतो, बोलायचं आहे.

स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, खुर्चीवर म्हातारं कुत्रं. मी डायरीतून लॅबची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. चार थेंब, लाल, हिरवी, सगळं. तुमच्या ढिगात काही दोष नव्हता. होता तो माझ्या बाटलीत. मला तेव्हाच कळलं होतं.

हॅरल्डने चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. घड्याळ वाजत होतं. संध्या कुत्र्याच्या कानामागे खाजवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"बस ना," तो म्हणाला. "उभा काहून आहेस?"

मी बसलो.

"मले एक सांग. माझा ढीग बोअरच्या खालच्या अंगाले होता का वरच्या?"

"खालच्या."

"अन् पाणी कोनीकडं जाते?"

"खाली. तळ्याकडे."

"मंग खालचं पाणी वर कसं चढलं, बाप्पा?"

आम्ही कॉम्प्युटरवर नकाशे केले होते, बाण काढले होते. बाण सगळे तळ्याकडेच होते. आकडा हातात आल्यावर बाणांकडे कोणी पाहिलं नाही.

"डोरोथी हेच म्हनत होती," हॅरल्ड म्हणाला. "याच टेबलावर. म्हने, पाणी चढत नाही, त्या पोराच्या बाटल्यात घोळ झाला असन, त्याले विचार. मी म्हटलं, चूप राय, कागदावर छापून आलं आहे. दर खेपेले तू आला का ती म्हने, आज विचार. मी नाही विचारलं. तू भला मानूस दिसे." त्याने चष्मा काढला. "एकदा तं मी तिच्यावर ओरडलो. आमचं लगन झाल्यापासून मी तिच्यावर दोनदाच ओरडलो. त्यातली एक खेप तुझी."

मी सॉरी म्हटलं. इंग्रजीत हा शब्द बसमध्ये पायावर पाय पडला तरी म्हणतात. दुसरा नव्हता.

"हाव," तो म्हणाला. मग उठून टोपी घातली. "या मांगं. दाखवतो काही."

गोठ्याच्या मागे, ताडपत्रीच्या आडोशाला, घरातला जुना पांढरा बाथटब होता, नळांसकट. त्यात लीक. ओळीने आठ, पांढरे शुभ्र, ब्रेंडाच्या दंडापेक्षा जाड.

"अहो, हे लपवून?" संध्या म्हणाली.

"शेजाऱ्याकडून खत आनतो बकेटीनं, कोनी पाहत नसलं का. म्हटलं बाथटबाले तळही आहे अन् बूचही, तळ्यात काही जानार नाही." तो माझ्याकडे वळला. "नऊ वर्स चोरावानी लीक खाल्ले मी, तुझ्यापायी." आणि मग तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. संध्याही हसली. मला हसू येत नव्हतं तर संध्याने कोपर मारलं, मग आलं.

निघताना त्याने फाटक धरलं. "चिठ्ठी मले ठिवू दे?"

मी म्हटलं, ऑफिसला द्यावी लागेल, पण फोटो काढून देतो. आणि विचारलं, गावात मी सांगू का?

"तुले सांगावंच लागन," हॅरल्ड म्हणाला. "मी सांगतलं तं लोक म्हनतील, म्हातारा आता लीकसाठी बाता मारते."

शनिवार, प्रदर्शन

हॉलमध्ये कांद्यांचा आणि ओल्या कोटांचा वास. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनात माणसं लाउडस्पीकरवर ओरडतात. इथे दीडशे माणसं एका गाजराभोवती कुजबुजत होती. संध्याच्या बशीपाशी परीक्षकाची चिठ्ठी होती: 'आकार एकसारखे नाहीत. चव फार छान. हे काय आहे?' तिसरा नंबर. ती चिठ्ठी आता आमच्या फ्रिजवर आहे, आणि आकारांबद्दल तिला अजून राग आहे.

ब्रेंडाला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, फक्त 'दोन मिनिटं बोलायचं आहे' एवढंच. तिला वाटलं आभारप्रदर्शन. बक्षिसांच्या आधी तिने माझ्या हातात माईक दिला. मी आयुष्यात मंडळाच्या गणपतीतही माईक धरलेला नाही. मी भिंतीवरच्या आलेखाकडे बोट केलं आणि म्हटलं, "तो मी काढला आहे आणि तो चूक आहे." मग बाकीचं सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मला वाटलं, आता कोणीतरी मला सुनावेल, आणि सुनवायलाच हवं होतं. तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला: "म्हणजे डोरोथीचं बरोबर होतं तर." दुसरी म्हणाली, "ती मला पोस्टात सांगायची." तिसरी म्हणाली, "मलाही." अख्ख्या गावाला डोरोथीने सांगितलेलं होतं आणि गावाने भिंतीवरच्या कागदावर विश्वास ठेवला होता. मग एका म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि विचारलं, "मग आमचं तळं हिरवं कशाने होतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. नऊ वर्षांपूर्वी हेच म्हणायला हवं होतं.

हॅरल्ड उशिरा आला. टाय लावून, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लीक. नाव द्यायची मुदत गेली होती, म्हणून तो टेबलावर ठेवता येईना. तो त्याने चहाच्या भांड्याशेजारी नुसता उभा करून ठेवला, आणि लोक रांगेने येऊन बघून गेले. परीक्षक कोपऱ्यात उभे राहून दुसरीकडे बघत होते, पण एकाने हळूच खिशातून मोजायची टेप काढलेली मी पाहिली. ब्रेंडाने स्टुलावर चढून आलेख काढला. "टाकायचा कसा, प्लास्टिकमध्ये आहे," ती म्हणाली, आणि उलटा करून चहाच्या भांड्याखाली सरकवला. चांगला बसला. माझ्याशी ती तेव्हा बोलली नाही. निघताना मात्र सॉसेजचं एक वेटोळं कागदात बांधून संध्याच्या हातात दिलं. संध्याच्याच.

परत येताना खिंडीत थांबून आम्ही मागे पाहिलं. संध्या म्हणाली, "आईंना मी सांगू की तुम्ही सांगताय?" मी म्हटलं, मी सांगतो. रविवारी सांगितलं. आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्याले जेवाले बोलाव." बोलावलं आहे. दिवाळीला येतो म्हणालाय, ट्रेन बदलावी लागली नाही तर.

सोमवारी ऑफिसला मी पत्र दिलं, चिठ्ठीसकट. साहेबांनी वाचलं, दार लावलं, पुन्हा वाचलं. काय होईल ते अजून ठरलेलं नाही. जे होईल ते मी घेईन. सात नंबरच्या नव्या पाण्याचा आकडा आला आहे, नेहमीसारखाच खाली, हॅरल्डला कळवला आहे. पुढच्या सप्टेंबरला तो चार लीक ठेवणार आहे, संध्या एकसारख्या आकाराचे शंकरपाळे.

एवढं फिटलं, किंवा फिटेल. एक राहिलं आहे. डोरोथी दर तीन महिन्यांनी माझ्यासाठी केक पाठवत होती आणि माझी चूक तिला तेव्हापासून माहीत होती. तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या टेबलाशी बसून, 'तुमचं बरोबर आहे' एवढं मी तिला म्हणायला हवं होतं. ते मी तिचं देणं लागतो.